बॅटरी मेलेली नाही, तिचे आटे खारावलेत

प्रश्न विचारणाऱ्या ताई मुंबईहून देवगडजवळच्या आपल्या गावी राहायला आल्या आहेत. घर उघडल्यावर वडिलांच्या ट्रंकेत त्यांना पाच छोट्या बॅटऱ्या, म्हणजे टॉर्च, सापडल्या. तीन बॅटऱ्यांचं तोंड पुढे-मागे सरकवून झोत लहान-मोठा करता येतो, एक तीन बारीक सेलची आहे आणि एक जाड, चार्जिंगची. एकही पेटत नाही. दोघींत सेलचा मसाला बाहेर आलाय. टाकून द्याव्यात का, आणि सुधारल्या तर पावसाळ्यात घरापासून रस्त्यापर्यंतची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरायला, वीज गेल्यावर आणि रात्री घराभोवती फिरायला कोणती वापरावी, असं त्यांनी विचारलंय.

ताई, टाकू नका. मी गेली सत्तावीस वर्षं आपल्याच किनाऱ्यावरच्या एका बाजारपेठेत रेडिओ, मिक्सर आणि बॅटऱ्या दुरुस्त करतोय. बंद पडली म्हणून आलेल्या छोट्या बॅटरीत एलईडी खरोखर जळालेला मला फार क्वचित सापडला. मरतो तो विजेचा रस्ता. सेलच्या टोपीतून वीज निघते, पुढच्या गोल सर्किटमध्ये जाते, एलईडी पेटवते, मग बॅटरीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या अंगातून मागे येते आणि आटे, मागची कळ, स्प्रिंग असं करत सेलच्या बुडाशी पोचते. या रस्त्यात पाच-सहा सांधे आहेत आणि एकेका सांध्यावर आपली खारी हवा वर्षानुवर्षं काम करत असते.

पुण्यात हीच बॅटरी दहा वर्षं कपाटात पडली तरी बहुतेक वेळा पेटते. आपल्याकडे का नाही? तिच्यात अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि मुलामा दिलेलं पोलाद असे तीन वेगळे धातू एकमेकांना चिकटून बसलेले असतात. मधे मिठाचा ओलावा शिरला की तिथे एक बारीकसा सेलच तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. आट्यांवर दिसणारी राखाडी-पांढरी भुकटी म्हणजे हेच. ही भुकटी वीज नेत नाही. दीड व्होल्टाच्या एका सेलवर पूर्ण उजेडात अशी बॅटरी साधारण एक अँपिअर ओढते. रस्त्यात कुठे अर्ध्या ओहमचा अडथळा आला तर अर्धा व्होल्ट तिथेच संपतो आणि उरलेल्या एका व्होल्टावर सर्किट धापा टाकतं. म्हणून बॅटरी आधी मंद होते, मग हलवली की पेटते, मग अजिबात पेटत नाही. लोक त्याला ‘बल्ब गेला’ म्हणतात.

तुमच्या तीन झूमवाल्या बॅटऱ्या वर्णनावरून एसके-६८ या घाटाच्या दिसतात. बोटभर लांबी, एक पेन्सिल सेल, पुढे फुगीर भिंग आणि मागे रबरी कळ. या घाटाच्या नकला इतक्या निघाल्या की अंगावरच्या नावाला काही अर्थ राहिलेला नाही. तरी मला हा घाट आवडतो, कारण त्याचा प्रत्येक भाग आट्यांवर उघडतो. जी वस्तू उघडते ती सुधारता येते.

आधी मसाल्याचं बघू. सेल कुठला होता ते ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो. अल्कलाइन सेल फुटला तर पांढरे, लोकरीसारखे किंवा स्फटिकासारखे थर येतात. तो मूळचा पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र अल्क. कातडीला आणि विशेषतः डोळ्याला वाईट, तेव्हा हातमोजे घाला आणि भुकटी फुंकू नका. साधा स्वस्त झिंक-कार्बन सेल फुटला तर तपकिरी-काळपट, चिकट, ओलसर घाण येते आणि सेलचं जस्ताचं अंगच खाल्लेलं दिसतं. ही घाण आम्लधर्मी असते. पहिल्या प्रकाराला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, दुसऱ्याला चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून. जुन्या टूथब्रशने लावा, फसफसणं थांबलं की लगेच धुऊन टाका. अ‍ॅल्युमिनियमला आम्लही सोसत नाही आणि अल्कही, म्हणून रात्रभर बुडवून ठेवायचा मोह टाळा.

दोन गोष्टी आपल्याकडच्या म्हणून सांगतो. आंबट आहे म्हणून कोकमाचं आगळ वापरू नका. मी ते करणारे लोक पाहिलेत. आगळात मीठ असतं, आणि मिठापासूनच तर आपण बॅटरी वाचवतोय. दुसरं म्हणजे घर खाडीकाठी असेल आणि विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते शेवटच्या धुण्याला नको. पिण्याचं गोडं पाणी घ्या. नंतर कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सगळे सांधे पुसा. औषधाच्या दुकानात किंवा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ते मिळतं. ते पाण्याला सोबत घेऊन उडून जातं.

सेल नळीत घट्ट अडकला असेल तर मागून-पुढून दोन्हीकडून उघडा, फटीत सेलच्या जातीप्रमाणे व्हिनेगरचे किंवा सोड्याच्या पाण्याचे थेंब सोडा, तासभर उभी ठेवा आणि लाकडावर हलके ठोका. निघाला नाही तर पुन्हा थेंब, पुन्हा तास. ड्रिल लावू नका, आचेवर धरू नका. एवढी सबुरी साध्या सेलसाठी आहे. अडकलेला सेल लिथियमचा असेल तर ठोकायचंच नाही, ती बॅटरी सरळ माहितगाराकडे न्या.

साफ झाल्यावर नवा सेल घाला. पेटली तर उत्तम. नाही पेटली तर मागचं टोपण पूर्ण काढून ठेवा. नळीच्या मागच्या बाजूला सेलचं बूड दिसेल आणि नळीची गोल कड दिसेल. एका तारेच्या तुकड्याने किंवा सरळ केलेल्या कागदी पिनेने सेलचं बूड आणि ती कड जोडा. कडेवर वीज न नेणारा काळा मुलामा असेल तर तार उघड्या धातूला टेकेल असं बघा. आता पेटली? म्हणजे सेलपासून एलईडीपर्यंत सगळं ठणठणीत आहे आणि दोष फक्त टोपणात आहे. माझ्याकडे येणाऱ्या बॅटऱ्यांचा मोठा वाटा इथेच, पहिल्या मिनिटाला सुटतो.

टोपणाच्या आत बघा. स्प्रिंगभोवती दोन खाचा किंवा दोन भोकं असलेली एक धातूची चकती दिसेल. ती कळीला जागेवर दाबून ठेवते आणि वीज टोपणाच्या अंगाला देते. बॅटरी दोन-चार वेळा पडली की ही चकती सैल होते. चिमट्याची दोन टोकं किंवा मुलांच्या कंपासपेटीतलं कर्कटक खाचांत घालून घड्याळाच्या दिशेने आवळा. कितीतरी बॅटऱ्यांना मी एवढंच केलं आणि पैसे घेतले नाहीत. चकती घट्ट असूनही पेटत नसेल तर ती काढा, खालचं सर्किट आणि चकतीची खालची बाजू खोडरबराने घासून चकचकीत करा. कळीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा सोडून चाळीस-पन्नास वेळा दाबा. आतल्या पत्तीवरचा थर घासला जातो.

कळच गेली असेल आणि तशी कळ मिळत नसेल, तरी बॅटरी टाकायची गरज नाही. कळीचे दोन पाय डाख देऊन कायमचे जोडून टाका. मग टोपण आवळलं की चालू, अर्धा फेरा सोडलं की बंद. मात्र हे जमतं ते टोपणाच्या आट्यांवर मुलामा असेल तेव्हाच, कारण मग वीज फक्त नळीच्या कडेतून जाते. आटे उघड्या धातूचे असतील तर टोपण सैल करूनही ती बंद होणार नाही.

नळीची मागची कड आणि पुढची कड या दोन जागा मी सर्वांत जास्त वेळ देऊन साफ करतो. चारशे-सहाशे नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवायचा आणि नळी त्यावर उभी धरून आठच्या आकड्यात फिरवायची. कड सगळीकडे सारखी चमकली पाहिजे. आट्यांवर मात्र पॉलिश पेपर मारू नका, मुलामा गेला की तिथे गंज लवकर धरतो. आटे टूथब्रशने आणि अल्कोहोलनेच.

स्प्रिंग गंजली असेल तर बदला. स्प्रिंग चांगली दिसते पण उजेड कमीच आहे, असं असेल तर तिच्या दोन टोकांना मऊ तांब्याची बारीक तार डाख देऊन जोडा. तार थोडी सैल ठेवा, स्प्रिंग दबली की तुटायला नको. स्प्रिंग सेलला दाबण्याचं काम करत राहते आणि वीज तांब्यातून जाते. दहा मिनिटांचं काम आहे.

तारेने जोडूनही पेटली नाही, तर डोकं उघडावं लागेल. भिंगाच्या मागे धातूची एक वाटी असते, तिच्यावर एलईडी आणि तिच्या पोटात सर्किट. वाटी आट्यांवर फिरून बाहेर येते. बहुतेक वेळा एलईडीकडे जाणाऱ्या दोन बारीक तारांपैकी एक तुटलेली असते, नाहीतर वाटी सैल होऊन तिचा अंगाशी संपर्क गेलेला असतो. एलईडी जिवंत आहे का हे मल्टिमीटरशिवायही कळतं. दोन नवे पेन्सिल सेल एकापुढे एक धरून तीन व्होल्ट करा आणि त्यांच्या दोन टोकांच्या तारा एलईडीच्या अधिक-उण्याला क्षणभर टेकवा. पांढरा एलईडी साधारण तीन व्होल्टाला उजळायला लागतो, म्हणून मंद का होईना, पेटेल. उलट टेकलं तर पेटणार नाही, मग बाजू बदला. एलईडीच्या पट्टीखालचा पांढरा लेप वाळून भुगा झाला असेल तर नवा लावा. उष्णता वाटीत आणि वाटीतून अंगात गेली नाही तर एलईडी आतल्या आत भाजतो.

तुमची तीन बारीक सेलची बॅटरी वेगळ्या कारणाने मेली असणार. तिच्यातले तीन सेल प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात एकामागे एक जोडलेले असतात. तिघांतला एक आधी संपतो, उरलेले दोघे त्याच्यातून वीज रेटत राहतात, तो उलटा भरतो आणि फुटतो. म्हणून एक जुना आणि दोन नवे सेल कधी घालू नका. तिन्ही एकदम बदला, एकाच पाकिटातले. पिंजऱ्याच्या पत्र्यांवर गंज असेल तर तो साफ करत बसण्यापेक्षा पिंजराच बदललेला बरा, सुटा मिळतो. या जातीत बऱ्याचदा धड सर्किटच नसतं, सेल उतरतात तसा उजेड उतरत जातो. घरातल्या घरात वापरायला ठीक.

आता ती जाड, चार्जिंगची. इथे मात्र सावध व्हा. तिच्यात बहुधा १८६५० हा लिथियम-आयन सेल आहे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्याचा नेहमीचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरला की ४.२. मीटरवर तो ३ च्या वर असेल तर वापरण्याजोगा असू शकतो. अडीच ते तीनच्या मधे असेल तर हळू चार्जरवर, समोर बसून, हात लावून बघत भरा. दोनच्या खाली गेलेला सेल मी पुन्हा भरत नाही. इतका उतरल्यावर आत तांबं सुटून भलत्या जागी जमतं आणि भरताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. वरचं प्लॅस्टिकचं आवरण फाटलेला, ठेचलेला किंवा खाऱ्या पाण्यात पडलेला लिथियम सेलही परत वापरू नका.

त्याच्यावर ९९०० असा काही आकडा छापलेला असेल तर तो खोटा आहे. या मापातल्या चांगल्या सेलची क्षमता दोन ते साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास असते. ओळखायची सोपी खूण वजनाची. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा. तीस ग्रॅम भरला तर आत अर्धी माती किंवा लहानसा सेल कोंबलेला आहे असं समजा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका बॅटरीसोबत आलेल्या चार्जरवर मी असाच एक सेल रात्री लावून झोपलो. चार्जर ४.२ ला थांबायला हवा होता, तो थांबलाच नाही. पहाटे गोडसर, डोकं चढणारा वास आला म्हणून उठलो. सेल तोंडाकडून फुटून वाफ सोडत होता आणि खालचं लाकडी टेबल तळहाताएवढं जळलं होतं. शेजारी सुकत घातलेल्या कपड्यांपर्यंत आग पोचली नाही म्हणून घर राहिलं. तेव्हापासून लिथियम सेल फक्त दिवसा, जांभ्याच्या चिऱ्यावर किंवा फरशीवर, मी जागा असताना भरतो, आणि चार्जर पहिल्यांदा वापरताना शेवटचा दाब मीटरने मोजतो. तुम्हीही एवढं कराच.

आणखी एक. पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल येतो. झूमवाल्या बॅटरीत तो घातला की ती दुप्पट उजेड देते, म्हणून दुकानदार सुचवतात. पण दाब दीडऐवजी ३.७ असतो. काही नकलांचं सर्किट तो सोसतं, काहींचं जळतं, आणि सोसलं तरी बॅटरी पाच मिनिटांत हातात धरवत नाही. शिवाय घरात दोन्ही जातींचे सेल असले की एक दिवस तो भिंतीवरच्या घड्याळात किंवा नातवाच्या खेळण्यात जातो. ठेवायचाच असेल तर त्याला लाल टेप गुंडाळा. माझा सल्ला विचाराल तर घालू नका. निकेल मेटल हायड्राइडचे चांगले, हळू उतरणारे चार्जेबल पेन्सिल सेल घ्या. ते १.२ व्होल्टाचे असले तरी या बॅटऱ्यांचं सर्किट दाब वाढवूनच एलईडीला देतं, त्यामुळे फरक जाणवत नाही. आणि ते अल्कलाइनसारखे फुटत नाहीत, हा आपल्याकडे सर्वांत मोठा गुण.

उजेड कमी पडेल अशी भीती बाळगू नका. ‘टॅक्टिकल’ म्हणून जी जात आज ओळखली जाते ती पोलीस आणि सैन्यासाठी निघाली. मागे अंगठ्याखाली कळ, घट्ट पकड, मुठीत मावेल एवढं अंग. त्या जातीची सर्वांत नावाजलेली बॅटरी म्हणजे १९८० च्या दशकातली शुअरफायर ६पी. तिचा दिवा ६५ ल्युमेनचा (ल्युमेन हे उजेडाचं माप) होता आणि अंधारात माणसाचे डोळे दिपवायला तो पुरत असे. तुमच्या छोट्या बॅटऱ्या साफ झाल्यावर नव्या सेलवर शंभराच्या आसपास ल्युमेन सहज देतील. खोक्यावर दोन हजार लिहिलेलं असलं तरी एका पेन्सिल सेलमधून तेवढं कधी निघत नाही, आणि पाखाडी उतरायला त्याची गरजही नाही.

गरज आहे ती दुसऱ्या गोष्टीची. आपल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर आणि गडग्याच्या पायथ्याशी फुरसं बसतं. वीतभर ते दीड-दोन फूट, रंग मातीचा, अंगावर पानगळीसारखी नक्षी. शिवाय घोणस, नाग, आणि रात्रीच हिंडणारी मण्यार. झगझगीत निळसर उजेडात तांबूस आणि तपकिरी रंग एकसारखे राखाडी दिसतात आणि फुरसं वाळक्या पानांत मिसळून जातं. म्हणून मी माझ्या स्वतःच्या बॅटरीतला एलईडी काढून पिवळसर उजेडाचा, रंग नीट दाखवणारा बसवलाय. ल्युमेन थोडे कमी झाले, पण पायरीवर काय आहे ते दिसतं. तुमच्या तिघींपैकी एकीला तरी हे करून घ्या. तीन व्होल्टाचा, त्याच मापाच्या पट्टीवरचा एलईडी मिळतो, दोन तारांना डाख द्यायचे एवढंच काम.

धरायची कशी, हेही तितकंच महत्त्वाचं. डोक्याजवळ किंवा कपाळावर धरली तर उजेड आणि नजर एकाच रेषेत येतात, सावल्या दिसत नाहीत आणि सगळं सपाट वाटतं. पावसात आणि धुक्यात तर थेंबांवरून परत आलेला उजेडच डोळ्यांत भरतो. कमरेच्या खाली, शक्य तर मांडीजवळ, अंगापासून थोडी बाजूला धरा. मग पायरीवरच्या काटकीचीही लांब सावली पडते आणि जी वस्तू पायरीचा भाग नाही ती वेगळी दिसते. शिवाय पावसाळी किडे तोंडावर येत नाहीत. चालताना झूम आत ओढून झोत रुंद करा आणि पुढच्या दोन-तीन पायऱ्यांवर ठेवा. लांबचं बघायचं असेल तेव्हाच झोत बारीक. कमी उजेडाच्या टप्प्यावर चालायची सवय लावा, कारण अंधाराला सरावलेले डोळे परत सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. पायांत बूट, हातात काठी, पावलं आपटत. आणि चावलंच तर आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका, १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा.

विंचवाचं वेगळं. तो पांढऱ्या उजेडात दिसणं कठीण, पण अतिनील उजेडात त्याचं अंग हिरवट-निळं चमकतं. स्वस्तातली ३९५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी त्याला पुरते. लाकडं रचलेली जागा, चुलीजवळचा कोपरा, कौलांचे ढीग, शाकारणीचं सामान हलवण्यापूर्वी रात्री एकदा ती फिरवा. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश किती जिवावर बेततो आणि त्यावर प्राझोसिन हे औषध कसं उपयोगी पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्याच भागातल्या रुग्णांवर काम करून दाखवून दिलं. औषध आहे म्हणून निष्काळजी राहू नये. अतिनील झोत कुणाच्या डोळ्यांत मारू नका, मुलांच्या हातात देऊ नका.

लुकलुकणारा टप्पा, ज्याला स्ट्रोब म्हणतात, तो रस्त्यावर झाड पडलेलं असताना येणाऱ्या गाडीला लांबून सावध करायला चांगला. झोत जमिनीवर मारा, चालकाच्या डोळ्यांवर नको, घाटात तर मुळीच नको. कासवांच्या हंगामात वेळास, आंजर्ले किंवा आपल्याकडच्या कुठल्याही पुळणीवर रात्री पांढरी बॅटरी लावून फिरू नका. अंडी घालायला आलेली मादी परत फिरते आणि पिल्लं समुद्राकडे जायची सोडून उजेडाकडे वळतात.

पहिल्या पावसात व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, कुर्ल्या (खेकडे) धरायला जाणाऱ्या पोरांच्या बॅटऱ्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर येतात. झूमवाली बॅटरी पाण्यात तग धरत नाही. तोंड सरकवताना ती पिचकारीसारखी हवा आत ओढते आणि हवेबरोबर पाणीही. पाऊस सोसेल, बुडणं नाही. बुडालीच तर सेल ताबडतोब काढा. पाणी खाडीचं किंवा समुद्राचं असेल तर सगळे भाग सुटे करून गोड्या पाण्यात खळबळून धुवा, मग अल्कोहोल, मग सुकवणं. लोक खारं पाणी नुसतं पुसतात आणि उन्हात ठेवतात. पाणी उडतं, मीठ आत राहतं. पावसाळ्यात ऊन नसेल तर चुलीच्या भिंतीला लावून ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा.

आट्यांना आणि रबरी कड्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, अगदी बोटाला लागेल इतकंच. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकट होतं आणि धूळ धरतं. मोटारीचं ग्रीसही नको, कारण कडं कुठल्या रबराचं आहे ते आपल्याला माहीत नसतं आणि काही रबरं पेट्रोलियमने फुगतात.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. त्याआधी जून २०२० मध्ये निसर्ग वादळात रायगड आणि दापोली-मंडणगडच्या लोकांनी हेच याहून जास्त दिवस सोसलं. तौक्तेच्या वेळी शेजारपाजारच्या चार्जिंगच्या मोठ्या बॅटऱ्या दुसऱ्या रात्री संपल्या आणि भरायला वीज नव्हती. आमच्या घरात एक पेन्सिल सेलची जुनी झूमवाली, कमी टप्प्यावर, पाण्याने भरलेल्या पारदर्शक बाटलीखाली उभी ठेवली होती. अख्ख्या माजघरात जेवता येईल एवढा उजेड पसरत होता. सेल संपला की दुसरा. घड्याळातले, रिमोटमधले सेलही गोळा करता आले असते. म्हणून चार्जिंगची एक असली तरी साध्या सेलवर चालणारी एक घरात हवीच.

माझा नेम असा. मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, घरातल्या सगळ्या बॅटऱ्या उघडून आटे पुसायचे आणि ग्रीस लावायचं. गणपतीत एकदा सेल काढून बघायचे. दसऱ्यानंतर पुन्हा सगळं उघडायचं. रोज न लागणाऱ्या बॅटरीतून सेल काढून ते रबराने तिच्याच अंगाला बांधून ठेवायचे आणि अंधारात हाताने चाचपून बसवायची सवय घरातल्या सगळ्यांना करून द्यायची. माझ्या आईला सत्तरीनंतर हे जमलं.

तर तुमच्या पाचांचं असं करा. पिवळसर एलईडीवाली झूमची बॅटरी दाराजवळच्या खुंटीला, मनगटात अडकवायच्या दोरीसह, पाखाडीसाठी. दुसरी झूमवाली देव्हाऱ्याजवळ, वीज गेल्यावरची. तिसरीतून कळ, स्प्रिंग, भिंग काढून डबीत ठेवा, पहिल्या दोघींना ते सुटे भाग लागणार आहेत. जाड बॅटरीतला जुना सेल घरच्या कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका. त्याच्या दोन्ही टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या आणि वजन करून घेतलेला नवा सेल घाला. ती बागेत, लांबचं बघायला. तीन सेलची माळ्यावरची. कामाला मात्र सुरुवात तिच्यापासून करा, मसाला तिच्यात असेल तर पिंजरा भिजून सुटायला तिलाच सर्वांत जास्त वेळ लागेल, आणि तोवर बाकीच्या चौघींची टोपणं उघडून होतील.